चार नऊ

समाप्तीच्या रकान्यात ३१-१२-९९९९ होतं आणि वर नाव माझं होतं. एचआरच्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवला तो केवळ पत्ता बरोबर आहे का हे बघायला. चौकशीला बोलावलेल्यांना घरी पत्र जातं, त्याला पत्ता लागतो. पत्ता बरोबर होता, मजलासुद्धा. त्याखाली नेमणुकीचा प्रकार: तात्पुरती. समाप्ती: नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव सालच्या डिसेंबरची एकतीस. शेरा: तात्पुरते. एकोणीस वर्षं मी इथे बसते आहे, दोन खुर्च्या झिजवल्या, तिसरीचं एक चाक गेलंय, आणि लिहिणाऱ्याला माझ्याबद्दल दोन रकान्यांत मिळून एकच शब्द सुचला. हे काय, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, काही नाही मॅडम, तो रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून सगळे चार नऊ टाकतात. हे ती मला समजावून सांगत होती. ज्या बाईने या इमारतीला चार नऊ टाकायला शिकवलं तिला. पत्ता बरोबर आहे असं म्हणून मी उठले, आणि जिन्यात पोचेपर्यंत तळपायाची आग मस्तकात गेली. लिफ्ट चालू होती, पण लिफ्टमध्ये आरसा आहे आणि त्या वेळी मला कोणाचंच तोंड बघायचं नव्हतं.

ऑफिसात मला कायदेबाई म्हणतात. आमची कंपनी पाण्याचे पंप बनवते आणि चौदा देशांना पाठवते. चौदा देशांची चौदा कस्टम्स. कुठला पंप कुठल्या क्रमांकाखाली जातो, कोणाला कसला दाखला लागतो, खोक्यावर अक्षरं किती मोठी लागतात, हे सगळं ते देश आपापल्या राजपत्रात छापतात आणि मी ते वाचून आमच्या सॉफ्टवेअरमध्ये भरते. एक नियम, एक ओळ. ओळीला सहा रकाने: देश, माल, नियम, कधीपासून, कधीपर्यंत आणि शेरा. मग विक्रीवाल्यांनी ऑर्डर टाकली की सॉफ्टवेअर माझ्या ओळी चाळतं आणि पॅकिंगच्या चिठ्ठीवर आपोआप छापून येतं, हे जोडा, ते लावा, असं बांधा. मी नीट भरलं तर मी आहे हे कोणाला कळतही नाही. आता कायदा करणारे तो कधी संपणार हे सहसा सांगत नाहीत, आणि 'कधीपर्यंत' रिकामं सोडलं तर ओळ जतन होत नाही. म्हणून चार नऊ. सुरुवातीला मला त्याची गंमत वाटायची. आठ हजार वर्षांनी एका डिसेंबरात सगळ्या जगाचे कायदे एकदम संपणार आणि त्या दिवशी माझ्यासारखीच कोणीतरी बाई घरी जायचं सोडून नव्या तारखा टाकत बसणार. शेऱ्याचा रकाना मात्र मी भांडून सक्तीचा करून घेतला. तारीख बदलणाऱ्याने का बदलली ते लिहिलंच पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं. सॉफ्टवेअरवाल्या इंजिनिअरने आळस केला आणि मालापासून माणसांपर्यंत सगळ्याच खात्यांत तो सक्तीचा करून टाकला. लोकांनी महिनाभर मला शिव्या घातल्या. मग त्यांनी एक शब्द शोधून काढला आणि जो तो तोच टाकायला लागला. रजा बदलली, तात्पुरते. गोदाम बदललं, तात्पुरते.

हा शब्द मला घरून ओळखीचा होता. मी एका परदेशी भाषेच्या वर्गाला जायचे. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, दुसरं वर्ष चालू होतं. दुभाषी व्हायचं होतं मला, काचेच्या खोलीत बसून, कानाला हेडफोन लावून, एकाचं बोलणं दुसऱ्याला पोचवणारी. तेवढ्यात वहिनीचे दिवस भरत आले. तिला आई नव्हती आणि आमची आई म्हणाली, "वर्ग तात्पुरता बंद ठेव. चार महिन्यांचा तर प्रश्न." चार महिन्यांनी बाबांचा पाय मोडला. मग बाबाच गेले. मग दादाच्या ओळखीने ही नोकरी, तात्पुरती, वर्गाची फी जमेपर्यंत. त्या भाषेत आता मी फक्त राजपत्रं वाचते. त्या भाषेत माणसं रुसतात कशी हे मला माहीत नाही, पण जप्तीला, दंडाला आणि विलंबाला तिच्यात किती शब्द आहेत ते विचारा. आणि अकरा वर्षांपूर्वी दादा-वहिनी परदेशी गेले तेव्हा सात लाकडी पेट्या माझ्या मागच्या खोलीत ठेवून गेले. त्याही तात्पुरत्या. माझं टेबल तिथून निघालं ते स्वयंपाकघरात आलं, मी हॉलमध्ये आईशेजारी आले, आणि वह्या माळ्यावर गेल्या. रोज सकाळी त्या पेट्यांखाली पिवळट भुसा पडलेला असतो, पिठासारखा बारीक. आत काहीतरी खातंय. मी तो झाडते, भरते, टाकते. आज झाडत होते तेव्हा आईने विचारलं, "दादाचा फोन आला होता का गं?" मी नाही म्हणाले. तिला काळजी दादाची असते की पेट्यांची हे अकरा वर्षांत मला कळलेलं नाही, आणि आज पहिल्यांदा केरसुणी तिथेच आपटून मी तशीच निघून आले.

लाकूड. सगळं फिरून लाकडावर येतं. तीन वर्षांपूर्वी एका देशाने नियम केला की माल ज्या पेटीतून येईल तिचं लाकूड भट्टीत तापवलेलं हवं आणि तापवल्याचा शिक्का पेटीवर हवा, कारण कच्च्या फळीत भुंगे असतात, ते पेटीबरोबर देशात शिरतात आणि तिथली झाडं पोखरतात. हा नियम मला आवडला होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा एखाद्या राजपत्रात कोणाला तरी झाडांची काळजी वाटलेली दिसली. ओळ मी त्याच दिवशी भरली. चिठ्ठीवर ठळक यायला लागलं, 'शिक्क्याचं लाकूड वापरा.' दोन महिन्यांनी एका आठवड्यात शिक्क्याच्या फळ्या आल्याच नाहीत आणि जहाज सुटायला दोन दिवस उरले. सॉफ्टवेअर चिठ्ठी सोडेना. मी खांद्याला पिशवी लावून निघाले होते, तेव्हा साहेबांचा फोन आला. साहेब माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, आवाज मात्र थोरल्याचा लावतात. म्हणाले, एवढ्या एका खेपेपुरती सूट टाका, तात्पुरती. मी म्हणाले, लेखी द्या. ते म्हणाले, उद्या देतो, मी कधी नाही म्हणालोय का. कधीपर्यंतची टाकू, मी विचारलं. "चार नऊ टाका आत्ता, मग बदला," ते म्हणाले. आणि मी टाकले. हे मी कोणापासून लपवत नाही, बोटं माझी होती. पिशवी खांद्यावरून खाली न ठेवता एका हाताने टाकले, कारण बस चुकत होती. शेऱ्यात लिहिलं, 'साहेबांच्या सांगण्यावरून, तात्पुरते.' उद्या लेखी काही आलं नाही, परवाही नाही, आणि मग मी विसरून गेले.

विसरले हे खोटं आहे. आठवड्याभराने खिळेकाका वर आले होते. खिळेकाका म्हणजे पॅकिंगच्या आवारात पेट्या ठोकणारे. तोंडात पाच-सहा खिळे धरूनच बोलतात, म्हणून ते नाव. वर आले की मात्र खिळे काढून मुठीत घेतात. म्हणाले, "बाई, चिठ्ठीवर शिक्क्याचं काही येत नाही आता. साधी फळी चालते का तिकडे?" मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, तात्पुरतं चाललंय. "तुम्ही म्हणता म्हणजे चालतंय," असं म्हणून ते खाली गेले. भांडले असते तर बरं झालं असतं. या माणसाने माझ्याशी एकदा तरी भांडायला हवं होतं. तीन वर्षं त्यांनी साध्या फळ्यांच्या पेट्या ठोकल्या आणि तीन वर्षं त्या पोचल्या, कारण तिकडचे लोक शंभरात एखादीच पेटी उघडून बघतात. गेल्या महिन्यात त्यांनी ती उघडली. फळीला भोकं, भोकांत भुंगे. अख्खी खेप बंदरावर अडकली, पेट्या जाळल्या गेल्या आणि पंप उघड्यावर पडले. बंदरावरून फोटो आले ते सगळ्यांनी बघितले. जळक्या फळ्यांवर खिळे जोडी-जोडीने दिसत होते. काका नेहमी दोन-दोनच ठोकतात, एक सुटला तर दुसरा धरतो म्हणून.

साडेदहाला साहेबांनी बोलावलं. त्यांची खोली काचेची आहे, बाहेरून सगळं दिसतं, म्हणून आत ते हसतमुखच असतात. हसतमुखाने म्हणाले, मुख्य कचेरीची दोन माणसं चारला येताहेत, त्याआधी ती सूट पुसून टाका. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये संपवणं वेगळं आणि पुसणं वेगळं. संपवलेली ओळ राखाडी होऊन तिथेच राहते, तारखेसकट आणि शेऱ्यासकट. पुसलेली ओळ कधी नव्हतीच. पुसायची परवानगी माझ्या एकटीकडे आहे आणि आजवर मी एकही ओळ पुसलेली नाही, चुकलेल्यासुद्धा नाहीत. सूट पुसली तर मागे काय उरतं ते मला त्यांच्या टेबलापुढे उभ्या उभ्या दिसलं. मूळ नियम जिथल्या तिथे. बघणारा म्हणणार, चिठ्ठीवर तर रोज छापून येत होतं, शिक्क्याचं लाकूड वापरा, आणि तरी आवारातल्या म्हाताऱ्याने साधी फळी ठोकली. मी म्हणाले, हे मग खिळेकाकांवर जाईल. साहेब म्हणाले, त्यांचं वय बघून सोडून देतील. सोडून देतील म्हणजे घरी बसवतील का, मी विचारलं, तर त्यांनी पेन उघडलं आणि बंद केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर वळायला कायदेबाई. मी म्हणाले, सूट तुमच्या फोनवरून टाकली होती. लेखी आहे का, असं त्यांनी मला विचारलं. त्यांनी. मला. मग मी शेऱ्याचं सांगितलं, शेऱ्यात तुम्हीच आहात म्हणून, आणि त्यांचं हसू थोडा वेळ तोंडावर तसंच राहून गेलं. या इमारतीत शेरा लिहायचा असतो हे सगळ्यांना माहीत आहे, वाचायचाही असतो हे कोणाच्या डोक्यात आलेलं नाही.

"बाई," ते म्हणाले, "तुमची नेमणूक तात्पुरती आहे. तुमची चौकशीसुद्धा करावी लागत नाही. रकान्यात आजची तारीख टाकायची, एक मिनिटाचं काम. चारपर्यंत बघा काय ते."

खुर्चीत येऊन बसले तेव्हा लोकांना वाटलं असेल की मी घाबरले. घाबरलेही होते. सेहेचाळिसाव्या वर्षी राजपत्रं वाचणाऱ्या बाईला कोण घेणार, आणि आईला काय सांगायचं, हे दोन प्रश्न डोक्यात आले आणि डोक्यातच फिरत राहिले. पण भीती वर वर होती, खाली नुसता राग होता, आणि तो राग कुठे ठेवावा ते कळेना. साहेबांवर ठेवावा तर ते कालपरवाचे, माझ्या नावापुढचे चार नऊ त्यांच्याही आधीचे. ज्याने टाकले तो निवृत्त होऊन गेला, आणि तोही म्हणाला असेल, आत्ता टाकून ठेवू, मग बदलू. माझ्या जन्माचं भिजत घोंगडं कोणी मुद्दाम घातलेलंसुद्धा नाही. आईने नाही, दादाने नाही, कोणीच नाही. सगळ्यांना फक्त घाई होती. आणि मीच काय वेगळं केलं? माझी बस चुकत होती. मी एका हाताने एका माणसाच्या तीन वर्षांवर तोच शब्द टाकला, आणि तो वर येऊन विचारत होता तेव्हा मान वर करून त्याच्याकडे बघितलंही नाही. या विचाराशी आले की राग असा उलटून माझ्याच अंगावर यायचा की बसवेना. जेवणाचा डबा न उघडता मी खाली आवारात गेले.

काका फळ्यांना शिक्का आहे का ते एकेक उलटून बघत होते. आता कोणी सांगायची गरज नव्हती, तरी बघत होते. मला बघून त्यांनी तोंडातले खिळे मुठीत घेतले. पत्र येणार हे त्यांनाही कळलं होतं. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "बाई, एक विचारायचं होतं. त्या लोकांनी मला विचारलं तर मी सांगणार, की मी बाईंना विचारलं होतं, त्या चालतंय म्हणाल्या होत्या. तुमचं नाव घेतलं तर चालेल ना?"

माझ्यामुळे ज्याच्या पोटावर पाय येणार होता तो माझं नाव घेण्याची माझ्याकडेच परवानगी मागत होता. ओरडावंसं वाटलं त्यांच्यावर. शिव्या द्या मला, म्हणावंसं वाटलं. मी म्हणाले, घ्या, आणि साहेबांचंही घ्या. ते म्हणाले, साहेबांचं मला कुठे माहीत, मला जेवढं माहीत तेवढंच बोलणार. मग खिळे तोंडात ठेवून परत फळ्यांकडे वळले. वर येताना जिन्यातच मी दादाला फोन लावला. का लावला ते सांगता येणार नाही, कोणावर तरी आवाज चढवायचा होता. मी म्हणाले, पेट्या ने, त्यांना कीड लागली आहे, नाहीतर मी रस्त्यावर काढून ठेवते. तो समजूत घालायला लागला, लहानपणी घालायचा तशी. "तात्पुरतं राहू दे गं. मी डिसेंबरात येतोच आहे." मी विचारलं, कुठल्या सालच्या? त्याला ती गंमत वाटली. तो मोकळेपणी हसला, वहिनीलाही त्याने ती गंमत सांगितलेली ऐकू आली, आणि मी फोन बंद केला.

साडेतीनला ती ओळ उघडली. देश, माल, सूट, कधीपासून, कधीपर्यंत, शेरा. वरच्या कोपऱ्यात दोन बटणं, 'संपवा' आणि 'पुसा', एकमेकांना चिकटून. काचेच्या खोलीतून साहेब माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते, आणि मधे बसलेली आठ माणसं आपापल्या कामात होती. मी 'संपवा' दाबलं. चार नऊ काढले, आजची तारीख टाकली. शेऱ्याची चौकट उघडली. तीन वर्षांपूर्वीचा शेरा वर होता, त्याखाली कर्सर लुकलुकत होता. मी लिहिलं, 'लेखी आदेश आला नाही. पॅकिंगच्या माणसाने विचारलं होतं, मीच चालतंय म्हणाले. त्याची चूक नाही.' पुन्हा एकदा वाचलं. कर्सर तसाच लुकलुकत होता आणि बोट बटणावर असूनही दाबलं जाईना. आईची पाठ डोळ्यांपुढे आली, हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून झोपते तशी. मग 'जतन करा' दाबलं. ओळ राखाडी झाली. तिच्या दोन प्रती छापल्या आणि चार वाजता मुख्य कचेरीची दोन माणसं मीटिंगच्या खोलीत बसली तेव्हा त्यांच्यापुढे एकेक ठेवली. त्यांतल्या बाईने चष्मा काढून कागद जवळ धरून वाचला, खालच्या शेऱ्यापर्यंत वाचला. मग तिने विचारलं की हे साहेब म्हणजे हेच का. मी हो म्हणाले. साहेब म्हणाले, या बाई तात्पुरत्या आहेत, त्यांना सगळं माहीत नाही. तिने कागदाची नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि त्यांना सांगितलं की आधी आवारातल्या माणसाला बोलवा, मग तुमच्याशी बोलायचंय.

काकांचं बोलणं चालू होतं तेवढ्या वेळात साहेबांनी मला एचआरमध्ये बोलावलं. मुलीला उठवून ते स्वतः तिच्या खुर्चीत बसले होते आणि ती कपाटाला टेकून उभी होती, तोंड उतरलेलं. स्क्रीनवर माझी ओळ होती. साहेबांना टायपिंग दोन बोटांचं. त्यांनी चारही नऊ एकेक करून खोडले, आजची तारीख टाकली, त्यातही महिना एकदा चुकला. मग 'जतन करा' दाबलं. ओळ जतन झाली नाही, लाल चौकट आली. त्यांनी परत दाबलं, परत आली. मानेवर घाम दिसत होता.

"हे काय मागतंय आता?" त्यांनी विचारलं. मुलगी शेजारी उभी होती, पण सवयीने मला विचारलं.

"शेरा," मी म्हणाले. "सक्तीचा आहे. तारीख का बदलली ते लिहावं लागतं."

"काय लिहू?"

मी त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले, नव्या माणसाला शिकवताना उभी राहते तशी.

"लिहा," मी सांगितलं, "साहेबांच्या सांगण्यावरून. पुढे तात्पुरते लिहू नका."